सुनांचा दिवस

हाथरस,
१२ जुलै १९८३

प्रिय भाभी,

राधे राधे.

मोठ्या दद्दांचं पत्र परवा आलं. त्यांची पत्रं तुला माहीतच आहेत, चार ओळी, त्यातल्या दोन पावसाच्या. पण यंदा बातमी मोठी आहे. आपल्या जलमहालाच्या जत्रेत रंगीत फवारे हे शेवटचे. रंगाने जुना दगड खराब होतो, नळ्या बुजतात, असं वरच्या साहेबांचं म्हणणं पडलं. पुढच्या वर्षापासून नुसतं साधं पाणी. दद्दा आम्हा भावंडांत थोरले आणि जत्रेच्या पंचांतही थोरले, त्यांना फार लागलं असणार, पण लिहिलंय असं की जणू एखादी म्हैस आटली.

मी राखीला येते आणि जत्रा करूनच परत फिरते. सासूबाईंनी तोंड वाकडं केलं होतं, पण शेवटचं वर्ष म्हटल्यावर त्यांचाही इलाज चालला नाही. रंग इथून येणाऱ्या ट्रकमधून पाठवते आहे. गुलाबी यंदा जरा फिका आहे, त्याच्या पोटल्यांत मूठभर जास्त घाल. कापड जुनंच घे, नव्या कापडातून रंग सुटत नाही. मी हे दरवर्षी सांगते आणि तू दरवर्षी म्हणतेस, "शिवणारी मी, शहाणी तू." म्हण, म्हण.

मी नेहमीसारखी चबुतऱ्याच्या पायरीवर बसेन आणि रात्री तुझ्या चुलीशी येऊन सगळं सांगेन. कुठला फवारा किती उंच गेला, कोणाचा सदरा भिजला, सगळं. तू पिठात हात घालून ऐकत बसतेस ना, तेव्हाच मला खरी जत्रा झाल्यासारखी वाटते.

तुझी,
हरदेई


कुँवरगढ,
२४ जुलै १९८३

लाडकी लाली,

राधे राधे.

रंग पोचला. कालपासून आम्ही सहा-सात सुना आमच्या ओसरीवर पोटल्या भरतोय. माझे हात कोपरापर्यंत हिरवे झालेत. तुझा भैया म्हणाला, "तुझ्या हातची भाकरी खाऊ की पोपटाला घालू?" त्याचं हे एवढंच. बाकी तो बरा आहे.

लाली, एक गोष्ट सांगते, बसून वाच.

महालाच्या छतावरचा हौद भरतात, त्याच्या भिंतीतल्या भोकांत आमच्या पोटल्या कोंबतात, डाट म्हणजे बुचं काढतात, आणि पाणी रंग घेऊन खाली बागेत उडतं. हे सगळं मला तू सांगितलंस. मी लग्न होऊन आले तेव्हापासून पोटल्या भरते आहे आणि पाणी उडताना एकदाही पाहिलेलं नाही. तू या गावची लेक, तू उघड्या तोंडाने पायरीवर बसून बर्फाचा गोळा खातेस आणि सगळे काका-ताऊ तुझ्या डोक्यावर हात ठेवतात. मी या गावची सून. त्या दिवशी सगळे वडीलधारे बागेत, म्हणून आम्ही घरात. आमचा दिवस दुसरा. हौद रिकामा, फवारे मुके, आणि पाटांत सगळ्या रंगांचा मिळून झालेला चिखल. त्याला 'सुनांचा दिवस' म्हणायचं आणि पुऱ्या बांधून न्यायच्या.

आग्र्याहून बस भरून बायका येतात, त्या बघतात. गोऱ्या मडमा बघतात. मी महालाच्या भिंतीला लागून राहते आणि गच्चीवरचे कपडे काढताना आवाज ऐकते.

इतकी वर्षं मनाला सांगत आले, पुढच्या वर्षी बघू. आता पुढचं वर्ष नाही. यंदा मी जत्रेच्या दिवशी जाणार आहे, दुसऱ्या दिवशी नाही.

तुझी भाभी


हाथरस,
२ ऑगस्ट १९८३

भाभी,

तुझं पत्र वाचून माझ्या हातातली परात पडली. तुला उन्हाचं काही झालंय का?

चबुतऱ्यावर मध्यभागी कोण बसतं, ठाऊक आहे ना? माझे दद्दा, तुझे जेठ. त्यांच्या समोरून त्यांच्याच धाकट्या भावाची बायको चालत जाणार? आणि समजा घुंगट घेऊन गेलीस, तर त्या जाड ओढणीतून दिसणार काय, कपाळ? घुंगट न घेता गेलीस तर दद्दांनी त्या खुर्चीवर परत कोणत्या तोंडाने बसायचं?

तू म्हणशील, हिला भावाचीच काळजी. मला माझी काळजी आहे. दद्दांनी एकदा मनातून काढलं की विषय संपला, ते माणसाला शिव्याही देत नाहीत, नुसते विसरतात. उद्या ते म्हणाले की हरदेईनेच हिला फूस लावली, तर मला राखी आणि जत्रेला बोलावणं कोण धाडणार? मला वर्षातून तेवढेच दिवस मिळतात. इथे माझं नावसुद्धा कोणी घेत नाही, मी 'कुँवरगढवाली'. तिकडे आले की हरदेई होते.

मी इथला फोटोवाला घेऊन येते. तो रंगीत फोटो काढतो. एकेक फवाऱ्याचा काढून घेऊ, तुझ्या भिंतीवर लावू, रोज बघ. झालं समाधान?

तुला माझी शपथ आहे.

हरदेई


कुँवरगढ,
११ ऑगस्ट १९८३

लाली,

आज तीज. आवारातल्या झोक्यावर पोरी ओरडताहेत आणि मी पोटल्यांच्या ढिगाऱ्यात बसून तुला लिहिते आहे.

शपथ परत घे. माझ्यावर आधीच पुष्कळ शपथा आहेत. फोटोवाल्याला तुझ्या सासूबाईंचा फोटो काढायला लाव, त्यांना हौस आहे.

तू विचारतेस, घुंगट घेऊन की न घेता? रात्री भाकऱ्या थापताना माझ्या डोक्यात आलं आणि मी एकटीच हसत सुटले. अगं, तुझ्या दद्दांनी माझं तोंड पाहिलंय कधी? त्यांच्या ताटात मी रोज भाकरी वाढते, पण त्यांना माझा ओढणीचा काठ ठाऊक, पायातले तोडे ठाऊक. गावातल्या एकाही म्हाताऱ्याने मला पाहिलेलं नाही. नावही त्यांना ठाऊक नाही, मी 'नदबईवाली'. घुंगट घेऊन गेले तर पावलागणिक ओळखतील, ही अमक्याची सून. घुंगट काढला की मी कोणाचीच नाही. आग्र्याच्या बसमधून उतरलेली कोणी बाई. इतकी वर्षं त्यांनीच मला झाकून ठेवलं, आता त्यांनाच मी सापडायची नाही.

मुनेशला सांगितलं. ती आपल्या गल्लीतल्या हलवायाची धाकटी सून, जिचं हसणं थांबत नाही ती. ती लगेच तयार. मग सौंख गावची सौंखवाली आली, मग कामां गावची कामांवाली. आठ जणी झालो आहोत. नदबईला माझ्या भावजयीची शहरी साडी आहे, ती मागवली. पायात चपला. तोडे घरी.

तुझ्या भैयाला मी लपवून काही करत नाही, म्हणून त्यालाही सांगायला गेले. तो म्हणाला, "मला काही सांगू नकोस. म्हणजे मला काही माहीत नव्हतं, हे मला खरं खरं सांगता येईल." माझा नवरा असा आहे. पण जाऊ नकोस असं तो म्हणाला नाही, हे मी धरून ठेवलंय.

तुझ्याकडे एकच मागणं. तिथे मला बघितलंस तर हाक मारू नकोस.

तुझी भाभी


हाथरस,
१९ ऑगस्ट १९८३

भाभी,

मला ताप आहे. डॉक्टरांनी प्रवास करू नका म्हणून सांगितलं. राखीला येत नाही, जत्रेलाही नाही. दोन्ही भावांच्या राख्या याच पाकिटात आहेत. दद्दांची रेशमी आहे, ती तूच भैयाच्या हातून त्यांना पोचव.

मी काही पाहिलं नाही, मला काही माहीत नाही.

हरदेई


कुँवरगढ,
१० सप्टेंबर १९८३

लाली,

तुझा ताप उतरला असेल. कसला ताप होता ते मी ओळखलंय, आणि रागावले नाही. फक्त पायरीवरची तुझी जागा रिकामी दिसली तेव्हा वाईट वाटलं. आता ऐक, यंदा सांगायची पाळी माझी.

आठ जणी ठरलो होतो, निघालो तीन. कामांवालीच्या सासूला पोटात दुखायला लागलं, आणखी कोणाचं मूल रडलं, असं करत करत उरलो मी, मुनेश आणि सौंखवाली. गल्लीतून निघताना घुंगट होताच. बस थांबतात तिथल्या भिंतीआड गेलो, ओढण्या काढून पिशवीत कोंबल्या आणि बाहेर आलो. लाली, चेहऱ्याला वारा लागला. या गावातला वारा मला पहिल्यांदा चेहऱ्यावर लागला. मला वाटलं होतं की भीती वाटेल, पण उलट मला भूक लागली. आम्ही फाटकाशी भजी खाल्ली.

भजीवाला आमच्या मागच्या घरातला. मला म्हणाला, "आग्र्याच्या का, बहनजी? आमच्याकडची चटणी झेपेल ना?" त्याच्या बायकोच्या बाळंतपणाला मी रात्रभर बसले होते. मुनेशला असं हसू फुटलं की तिला ठसका लागल्याचं सोंग करावं लागलं.

आत गेलो. बाग मला पाठ आहे, कुठे पाट वळतो, कुठे दगड हलतो, सगळं. पण दरवर्षी जी बाग मी बघते ती जेवणं झाल्यावरच्या पंगतीसारखी. ही बाग वाढलेल्या ताटासारखी होती. लोक, पताका, पोरं, आणि सगळे त्या मुक्या तोट्यांकडे बघत होते. चबुतऱ्यावर स्वयंसेवकाने आम्हाला बाहेरच्या पाहुण्या समजून बाकावर जागा दिली. मी बसले आणि बघते तर शेजारच्या खुर्चीत तुझे दद्दा. पांढरं धोतर, मीच धुतलेलं.

त्यांनी हात जोडले. म्हणाले, "बसा बहनजी, आता सुरू होईल." एवढ्या मायेने ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. माझ्याशी ते बोललेच कुठे? काही लागलं तर अंगणातल्या म्हशीला सांगतात आणि मी म्हशीलाच उत्तर देते.

मग वरून आरोळी आली, डाट निघाले.

तू मला सांगितलेलं सगळं खोटं आहे, लाली. तू म्हणायचीस, छतापर्यंत उडतात. नाही उडत, पुरुषभर उंच जातात. तू म्हणायचीस, एकदम सुरू होतात. नाही, आधी तोट्या खाकरतात, मग साधं पाणी येतं, मला वाटलं झालं, रंग नाहीच. आणि मग पाण्याच्या बुडापासून गुलाबी वर चढायला लागलं. फिका होता ना, मी मूठभर जास्त घातला होता, म्हणून तो असा भरून आला. त्यानंतर पिवळा. माझा हिरवा सगळ्यांत शेवटी आला, कारण त्याच्या पोटल्यांना मी नवं कापड घेतलं होतं, तुझं खरं होतं. पण आला तो असा आला की मी तोंडावर हात धरला आणि रडले. लोक हसत होते आणि मी रडत होते. वाऱ्याने तुषार उडाले, साडीवर हिरवे ठिपके पडले. इतकी वर्षं हे पाणी असं उडत होतं आणि मी भिंतीपलीकडे भाकऱ्या थापत होते. मला आनंदही तेवढाच झाला आणि रागही तेवढाच आला.

इथे मी गप्प बसले असते तर पाहुणी म्हणून आले तशी पाहुणी म्हणून परत गेले असते. चहासुद्धा मिळाला असता. पण तुझे दद्दा मला कौतुकाने समजावत होते, "हा हिरवा बघा बहनजी. रंग भरायचं काम मोठं नाजूक. आमचे गावचे गडी पंधरा-पंधरा दिवस खपतात."

गडी!

मी हात पदराखाली धरले होते ते बाहेर काढले. त्यांच्या पुढ्यात दोन्ही पालथे धरले, नखांपर्यंत हिरवे. म्हणाले, "हे गडी बघा. पोटल्या आम्ही भरतो. गावच्या सुना भरतात, जेठजी."

आवाज त्यांनी ओळखला. म्हशीला भाकरी झाल्याचं सांगणारा आवाज तो. त्यांनी झटकन तोंड फिरवलं. बाजूचे पंच विचारायला लागले, कोण ही, कुठली ही? कोणीतरी म्हणालं, नदबईवाली वाटतं. मी उभी राहिले आणि म्हणाले, "माझं नाव अंगूरी. मी भूपसिंहची बायको." नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं, सगळ्या गावासमोर. लाली, काही झालं नाही. आभाळ जागच्या जागी होतं.

सौंखवाली तेवढ्यात पिशवीतली ओढणी डोक्यावर घेऊन पळाली. तिला मी दोष देत नाही, तिचा सासरा काठी घेऊन बसतो. मुनेश मात्र माझ्याजवळ उभी राहिली, नेहमीसारखी हसत. "मीपण," एवढंच म्हणाली.

दद्दा उठले. पायऱ्या उतरून गर्दीतून निघून गेले. त्यांची खुर्ची रिकामी झाली. मला माझ्या बाकावरून पिवळा फवारा नीट दिसत नव्हता. मी त्यांच्या खुर्चीत बसले आणि हौद संपेपर्यंत उठले नाही.

तुझी भाभी


हाथरस,
२६ सप्टेंबर १९८३

भाभी,

दद्दांचं पत्र आलं. या खेपेला पावसाचं एक अक्षर नाही. लिहितात, तुझ्या भाभीला समजाव. दसऱ्याला पंच चबुतऱ्यावर बसतील तेव्हा तिने येऊन चूक झाली म्हणावं, म्हणजे प्रकरण मिटेल. तोवर घरात तिला तोंड झाकून राहायला सांग. आणि शेवटी लिहितात, तू समजावू शकली नाहीस तर तुझ्या येण्याचंही आम्हाला बघावं लागेल.

हे मला ठाऊकच होतं. मी तुला लिहिलंही होतं.

इथपर्यंत बातमी आली आहे. सासूबाई येता-जाता म्हणतात, "कुँवरगढच्या बायका काय, खुर्चीवर बसतात." मी मान खाली घालून भांडी घासते. पण तुझं पत्र मी पिठाच्या डब्याआड ठेवलंय आणि दोनदा वाचलंय.

भाभी, तू पाहिलंस ना? तुला हवं होतं ते मिळालं ना? आता दोन शब्द बोल. घुंगटाआडून बोल, कोणाला तोंड दिसणार नाही, मनात काही का असेना. तुझं काय जातं? माझं माहेर राहील. माझ्यासाठी कर.

आणि दद्दा खुर्चीवरून उठले तेव्हा कसे दिसत होते, ते तू नीट लिहिलं नाहीस.

हरदेई


कुँवरगढ,
९ ऑक्टोबर १९८३

हरदेई,

माफी मागणार नाही.

तुझं पत्र वाचून रडू आलं, म्हणून दोन दिवस उत्तर लिहिलं नाही. रडत लिहिलं असतं तर हो म्हणून बसले असते. तू म्हणतेस, घुंगटाआडून दोन शब्द, काय जातं? मी घुंगटाआडून इतकी वर्षं बोलत आले, त्यातलं कोणाला काय ऐकू आलं? उघड्या तोंडाने एकदा बोलले, ते हाथरसपर्यंत पोचलं. ते परत घेतलं तर मुनेशचं काय? ती माझ्या शब्दावर उभी राहिली होती. तिला घरात कोंडून ठेवलं होतं, मी जाऊन तिच्या सासूशी भांडले, तेव्हा सुटली. आता मी चबुतऱ्यावर जाऊन चूक झाली म्हणाले, तर चूक तिचीही ठरेल.

मला वाटलं होतं, फवारे बघितले की माझं झालं. तसं झालं नाही. घरी येऊन तोंडावर ओढणी घ्यायला हात उचलला आणि तो वर जाईना. मग नाहीच घेतली.

दद्दा जत्रेनंतर पहिले काही दिवस पंचांपैकी एकाकडे जेवले. तिथे सून मिरची फार घालते. मग एका दुपारी आमच्या दाराशी ते खोकले. तुला आठवत असेल, वडीलधारा पुरुष आत येण्याआधी खोकतो, म्हणजे सुनांनी तोंड झाकून घ्यावं. ते खोकले, मी भाजी ढवळत राहिले. परत खोकले. तुझा भैया माझ्याकडे बघतो, दाराकडे बघतो, शेवटी म्हशीकडे बघायला लागला. तिसऱ्यांदा खोकले तेव्हा मी म्हणाले, "या जेठजी. भाजी निवते आहे." सरळ त्यांना म्हणाले.

मग ते आत आले. डोक्यावरचा पंचा त्यांनी पुढे ओढून घेतला होता, असा हनुवटीपर्यंत, आणि एका हाताने तो धरून, दुसऱ्या हाताने वाट चाचपत पाटावर येऊन बसले. मी वाढलं. ते पंच्याआडून जेवले, आमटी धोतरावर सांडली. भाकरी संपली की ताटावर नुसतं बोट ठेवतात. मी वाढते. रोज असंच चाललंय. मला हसू येतं आणि वाईटही वाटतं, कारण त्या कापडाआड काही दिसत नाही हे मला जितकं ठाऊक आहे तितकं कोणाला असणार? ज्या दिवशी त्यांना कंटाळा येईल त्या दिवशी काढतील. मी काढा म्हणणार नाही आणि झाका असंही म्हणणार नाही.

दसऱ्याचं त्यांनी मला काही विचारलं नाही. पंच विचारतील, तर मी जाईन, उघड्या तोंडाने जाईन, आणि पुढच्या वर्षापासून सुनांचा दिवस पहिलाच करा म्हणून सांगेन. रंग नसला तरी चालेल. साधं पाणीही मला उडतानाच बघायचं आहे.

आता तुझं. माहेर बंद होईल म्हणून तू भितेस. जिज्जी, दद्दांची बायको, गेल्यापासून या घराची चूल कोणाच्या हाती आहे? तू येतेस तेव्हा दार कोण उघडतं? तुझ्यासाठी तूप कोण कढवून ठेवतं, निघताना लुगडं कोण हातात देतं आणि मग दारात उभं राहून बस दिसेनाशी होईपर्यंत कोण बघतं? दद्दा पत्र पाठवतात, तेवढंच. बोलावणं त्यांचं असेल, हरदेई, पण तुझं माहेर मी आहे. ते बंद करायचं की उघडं ठेवायचं हे चबुतऱ्यावर कोणी ठरवू शकत नाही.

भाऊबीजेला ये. हे बोलावणं माझं आहे, आणि ते मी म्हशीच्या तोंडून पाठवत नाही.

तुझी,
अंगूरी